सिद्दी जौहरची फौज

मार्च १६६० मध्ये शिवाजी महाराज असलेल्या पन्हाळ्याला वेढा घालणारी आदिलशाही फौज एकजिनसी नव्हती. सेनापती कर्नूलचा सिद्दी जौहर. विजापूरने त्याला ‘सलाबतखान’ किताब देऊन धाडले. सोबत त्याचा जावई सिद्दी मसूद आणि बापाच्या वधाचा सूड घ्यायला उतावीळ झालेला अफजलखानाचा मुलगा फाजलखान. राजापूरच्या इंग्रज वखारीतून हेन्री रेव्हिंग्टन तोफ घेऊन आला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर गोळे डागू लागला. महाराज हे विसरले नाहीत; १६६१ मध्ये वखार लुटली गेली.

जौहरची खरी जिद्द दिसली पावसाळ्यात. धो धो पावसातही त्याने वेढा उठवला नाही. पहारे ढिले पडले ते तहाच्या बोलण्यांनी. जुलैतल्या एका रात्री महाराज विशाळगडाकडे निसटले. पाठलागावरच्या मसूदला महाराजांच्या बाजीप्रभूंनी घोडखिंडीत प्राणपणाने रोखले.