गाव निवडायचं कसं? पानी फाउंडेशनची रीत

भडगावात गिरणाकाठचं शिवार आणि धरणाच्या आवर्तनापासून दूर असलेली कोरडवाहू गावं एकाच तालुक्यात नांदतात. अशा वेळी मदत करू पाहणाऱ्या संस्थेने कोणत्या गावाचा हात धरावा?

आमिर खान आणि सत्यजित भटकळ यांच्या पानी फाउंडेशनने २०१६ साली ‘वॉटर कप’ ही गावांची जलसंधारण स्पर्धा सुरू करताना याचं उत्तर गावावरच सोपवलं. संस्था फक्त तालुके ठरवायची. गावाने स्वतः अर्ज करायचा आणि आपली पाच माणसं निवासी प्रशिक्षणाला पाठवायची, त्यांत बायाही हव्यात. माथा ते पायथा काम कसं करायचं, सलग समतल चर कसे आखायचे, हे शिकून ती माणसं परतली की उन्हाळ्यात श्रमदान. कामासाठी पैसा नाही. मिळायचं ते ज्ञान आणि तांत्रिक मार्गदर्शन. भारतीय जैन संघटनेची खोदाईची यंत्रं मिळायची, पण आधी गावाने घाम गाळलेला हवा. मला ही अट फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे गटातटांत विभागलेली माणसं एका बांधावर आली.

पहिल्या वर्षी तीन तालुके होते: वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. कोरेगावातलं वेळू पहिलं आलं. २०१८ पर्यंत तालुके ७५ झाले. खान्देशातलं अमळनेरही या स्पर्धेत उतरलं होतं.