विसार देण्यापूर्वी अंगण पाहा

भेलच्या कारखान्याने भोपाळच्या पिपलानीत नाना प्रांतांची माणसे आणून वसविली. त्या परिसरात निवृत्तीनंतर घर घेऊ पाहणाऱ्या किनारपट्टीच्या माणसाला एक समजूत महागात पडते. कोकणात शंभर इंचांच्या वर पाऊस, भोपाळात जेमतेम चाळीस-पंचेचाळीस. मग पाण्याची धास्ती कसली? परंतु आमची जांभ्याची जमीन पाणी झिरपू देते. माळव्याची काळी माती पाणी धरून फुगते आणि उन्हात आक्रसून भेगाळते. फरसबंद अंगणाचा उतार घराकडे असेल, तर पाणी पायाशी मुरते, भिंतींना तडे जातात आणि आयुष्यभराची पुंजी त्या भेगांत जिरते.

केवळ कायद्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम विक्रेत्यास ठाऊक असलेले महत्त्वाचे दोष सांगण्यास बांधते. मात्र खरेदीदारास सामान्य दक्षतेने कळू शकणारे नव्हेत. अंगणाचा उतार तर उघड्यावरच असतो. म्हणून विसार देण्यापूर्वी चार बादल्या पाणी ओतून ते कोठे जाते हे पाहावे. दर दहा फुटांस दीड-दोन इंच उतार घरापासून दूर हवा. जोते भोवतालच्या जमिनीहून दीड फूट उंच हवे. गटाराचे तोंड मोकळे हवे. भिंतीच्या तळाशीच ताजा रंग दिसल्यास कारण विचारावे.

विकणारा घर चैत्रात दाखवील. घेणाऱ्याने ते श्रावणातही पाहावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.