गाणें रेघांवर बसवितांना

ग्रामोफोनची तबकडी नेमलेल्या वेगाहून अधिक वेगानें फिरूं दिली, तर गाणें लवकर संपतें आणि गवयाचा आवाजहि चढतो, हें ज्या घरांत ग्रामोफोन असे त्या घरांतील मुलांनाहि ठाऊक होतें. वेग दुप्पट केला, कीं मध्य सप्तकांतील षड्ज तार सप्तकांत जाऊन बसतो. तबकडीवर स्वर आणि काळ हे जणूं एकाच दोऱ्यानें बांधलेले असतात. एकाला ओढलें कीं दुसरा ओढला जातो. हा दोरा सोडवून लय वाढवावयाची, पण स्वर हालूं द्यावयाचा नाहीं, ही किमया आज संगणकावर संगीत जुळविणारा मनुष्य घटकाभरांत करतो.

ती करण्याची गरज पडते ती अशी. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्यें पडद्यावर समान अंतरानें उभ्या रेघा आंखलेल्या असतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक मात्रा किंवा मात्रेचा अंश. या आंखणीला ग्रिड म्हणतात. निरनिराळ्या दिवशीं मुद्रित केलेलीं वाद्यें याच रेघांच्या आधारानें एकमेकांशीं जुळवितात. आतां समजा, मिनिटास ९६ मात्रांच्या लयींत गाइलेला ६४ मात्रांचा एक तुकडा आहे. तो बरोबर ४० सेकंदांचा होतो. ज्या रचनेंत तो बसवावयाचा, तिची लय १०० असेल तर त्याला ३८.४ सेकंदच मिळतात. वेग वाढवून तो बसविला, तर सेकंदास २४० आंदोलनांचा षड्ज २५० आंदोलनांवर जातो आणि मूळ पट्टींत लावलेल्या पेटीशीं बेसूर होतो.

यावर तोड निघाली ती काटकसरी गृहिणीला शोभेल अशी आहे. २४० आंदोलनांचा एकच स्वर ४० सेकंद धरला, तर एकंदर ९६०० आंदोलनें होतात. त्यांतून दर पंचविसांमागें एक काढून टाकावें. ३८४ आंदोलनें गेलीं, ९२१६ उरलीं, आणि तीं पूर्वीच्याच गतीनें वाजविलीं म्हणजे ३८.४ सेकंदांत संपतात. स्वर तोच, काळ तेवढा कमी. गाणें लांबवावयाचें असल्यास उलट करावें. मधून मधून एखादें आंदोलन दोनदां वाजवावें.

ध्वनि हा लहान लहान कणांचा बनला आहे असें मानून विचार करण्याची ही दिशा डेनिस गॅबर या शास्त्रज्ञानें १९४६ सालीं मांडली. पुढें १९७१ मध्यें त्यास होलोग्राफीबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें, तें निराळें.

मात्र खऱ्या गाण्यांत एकच स्वर नसतो. गळा, तानपुरा आणि तबला यांचीं आंदोलनें एकत्र मिसळलेलीं असतात, व एकाचा सांधा जेथें जुळतो तेथें दुसऱ्याचा तुटतो. म्हणून कांहीं मिलिसेकंदांचे कण घेऊन त्यांच्या कडा एकावर एक विरवाव्या लागतात. दुसरा मार्ग फ्लॅनागन आणि गोल्डन यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतून १९६६ सालीं दाखविला. त्यांत ध्वनींतील लहानमोठीं आंदोलनें वेगवेगळीं मोजून, प्रत्येकाचा काळ बदलून पुन्हां एकत्र करतात. सलग आलापाला ही रीत मानवते. तबल्याला मानवत नाहीं. किनारीवरच्या 'ना'चा आरंभ डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत होऊन जातो. तो या मोजणींत पसरतो आणि कडक बोल ओल्या कापडावर मारल्यासारखा लागतो. कणांच्या रीतींत उलट दोष होतो. एकच बोल कधीं दोनदां वाजल्याचा भास होतो. चांगलें सॉफ्टवेअर म्हणूनच आधीं आघात कोठें आहेत तें शोधतें, आघाताला हात लावीत नाहीं, आणि काय ताणावयाचें तें त्याच्या मागच्या घुमाऱ्यांत ताणतें.

बर्लिनच्या एबलटन या कंपनीचें 'लाइव्ह' हें सॉफ्टवेअर २००१ सालीं निघालें. त्याच्या द्वारें हें काम घरोघर होऊं लागलें. मुद्रित ध्वनीवर खुणा करावयाच्या आणि प्रत्येक खूण ओढून रेघेवर आणावयाची. मधला भाग आपोआप ताणला किंवा आवळला जातो. सोय एवढी झाली कीं, रेघेवर नसलेला प्रत्येक आघात चुकीचाच आहे, असें नवशिक्याला वाटूं लागतें.

ख्यालाच्या बाबतींत हा समज फार महाग पडतो. विलंबित एकतालांत मिनिटास १५ मात्रा असल्या, तर एक मात्रा ४ सेकंदांची आणि बारा मात्रांचें आवर्तन ४८ सेकंदांचें होतें. रेघा पाव मात्रेच्या असतील, तर त्या एक एक सेकंदानें येतात. यंत्राला 'जवळच्या रेघेवर बसव' अशी आज्ञा दिली, कीं एखादें अक्षर अर्ध्या सेकंदापर्यंत सरकूं शकतें. गवयानें समेच्या किंचित् मागें राहून जें अक्षर टाकलें, त्यांतच त्याची सारी कमाई असते. शिवाय लय आवर्तनागणिक नकळत चढत जाते; ती सपाट केली म्हणजे हिशेब जुळतो, पण ख्याल उरत नाहीं.

जाणते लोक अशा वेळीं काम उलट बाजूनें करतात. प्रत्येक समेवर कानानें ऐकून एकच खूण ठेवतात, आणि गाणें रेघांकडे न ओढतां रेघांचीच लय आवर्तनाप्रमाणें कमीजास्त करतात. पडद्यावरील आंखणी मग थोडी वांकडीतिकडी दिसते. पण मागाहून भरलेली पेटी गवयाच्या मागून चालते, आणि मूळ मुद्रणाचा एक कणहि ताणावा लागत नाहीं.