नाकारलात तर कारण कळवा

1969 साली ‘रोलिंग स्टोन’नं आपल्या वाचकांनाच सांगितलं, रेकॉर्डांची परीक्षणं लिहा आणि पाठवा. सॅन फ्रान्सिस्कोहून निघणारं हे नियतकालिक तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं. त्याच कॅलिफोर्नियात, एल कहोन नावाच्या गावी, लेस्टर बँग्ज नावाचा वीस वर्षांचा पोरगा पोटासाठी बूट विकत होता. त्यानं ‘एमसी फाइव्ह’ या बँडच्या नव्या रेकॉर्डची सालटी काढणारं परीक्षण पाठवलं आणि सोबत चिठ्ठी जोडली: छापणार नसाल तर का नाही ते कळवा. उत्तर काही आलं नाही, परीक्षणच छापून आलं. चार वर्षांनी त्याच नियतकालिकानं कलावंतांचा मान राखत नाही म्हणून बँग्जला काढून टाकलं. तोवर तो डेट्रॉइटच्या ‘क्रीम’ मासिकाकडे वळला होता आणि रॉक संगीतावर लिहिणाऱ्यांच्या पुढच्या दोन पिढ्या त्याच्यासारखं लिहू पाहणार होत्या. गंमत म्हणजे ‘एमसी फाइव्ह’विषयीचं त्याचं मतही नंतर पार बदललं.

बँग्जची गोष्ट अपवाद वाटते, पण ती तशी नाही. पॉप आणि रॉकवरचं गंभीर लेखन बाहेरच्यांनीच उभं केलं. ‘क्रॉडॅडी’ हे त्यातलं पहिलं महत्त्वाचं मासिक 1966 साली पॉल विल्यम्सनं काढलं, तेव्हा तो सतरा वर्षांचा कॉलेजकुमार होता आणि अंक सायक्लोस्टाइल केलेला होता. दहा वर्षांनी लंडनमध्ये मार्क पेरी या बँकेतल्या कारकुनानं ‘स्निफिन ग्लू’ सुरू केलं, फोटोकॉपी करून, पंक बँडांबद्दल. आपल्याकडे 1993 मध्ये अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ काढलं ते दिल्लीत किंवा मुंबईत नव्हे, अलाहाबादेत. यातल्या कुणाच्याही पाठीशी मोठा वृत्तसमूह नव्हता. ज्या संगीतावर वर्तमानपत्रात दोन ओळी येत नव्हत्या, त्यावर त्यांना दहा पानं हवी होती, एवढंच.

स्वतंत्र मासिकांचं अर्थकारण आजही याच घडणीचं आहे. पगारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि पानं मात्र दर महिन्याला भरायची. लंडनचं ‘द वायर’ 1982 मध्ये सुरू झालं आणि 2000 साली तिथल्या कर्मचाऱ्यांनीच ते विकत घेतलं. अशा मासिकाचा बराचसा मजकूर बाहेरून, मुक्त लेखकांकडून येतो. तेव्हा संपादकाला आपली गरज असते, हे लिहिणाऱ्यानं आधी डोक्यात पक्कं करावं. त्याच्या टपालात रोज जे येतं त्यातलं बहुतेक त्याच्या उपयोगाचं नसतं, हेही तितकंच खरं.

उपयोगाचं का नसतं? मराठी लेखकाची रीत म्हणजे आख्खा लेख लिहायचा आणि पाठवून द्यायचा. कथा-कवितेला ती चालते. इंग्रजी मासिकांची रीत वेगळी: आधी लेखाचा प्रस्ताव जातो, त्याला सगळे ‘पिच’ म्हणतात, आणि होकार आल्यावर लेख लिहिला जातो. हा प्रस्ताव दोन-तीन परिच्छेदांचा असतो आणि तिथंच बरेच जण घसरतात. काही जण स्थळाच्या बायोडेटासारखी पदव्यांची आणि पारितोषिकांची यादी देतात. काही जण फक्त विषय सांगतात.

समजा, कुणाला मुंबईच्या बेंजोवर लिहायचंय. ‘गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्ट्यांवर लेख देऊ इच्छितो’ हा नुसता विषय झाला. त्यावर संपादक काय म्हणणार? द्या, पण त्यात आहे काय? आता हेच दुसऱ्या तऱ्हेनं पाहू. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला बँजो नव्हेच. तो बुलबुलतरंग, आणि बुलबुलतरंगाचं मूळ जपानी तैशोगोतोत. ते वाद्य 1912 साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तयार केलं. तारांवर टाइपरायटरसारख्या पट्ट्या बसवलेल्या, म्हणजे सूर शोधत बसायला नको. त्याला वीजजोड मिळाला, भोंगे लागले आणि ते लालबाग-गिरगावच्या रस्त्यावर कोळीगीतं वाजवू लागलं. घरात बसून शिकायचं वाद्य दहा हजारांच्या गर्दीवर कसं चढलं? वाजवणाऱ्यानं त्यात काय काय बदललं? अमुक पार्टीच्या तालमीला मला बसू देणार आहेत, वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराशी बोलणं झालंय, लेख पंधराशे शब्दांचा होईल, अमक्या तारखेला देतो. असं पत्र आलं की संपादकाला लेख दिसू लागतो. यात प्रश्न आहे, आत जायची वाट आहे, आणि हा लेख याच माणसानं का लिहावा याचं उत्तर न मागता मिळालेलं आहे.

आणि हे पत्र गणपतीच्या आठवड्यात पाठवून भागत नाही. छापील अंकाची पानं बाजारात येण्याच्या कितीतरी आधी बंद होतात. गणपतीचा लेख उन्हाळ्यात सुचवावा लागतो. नव्या अल्बमचं परीक्षण तो बाजारात येईल त्या सुमारास छापून यायला हवं, म्हणून परीक्षकाला तो आधी ऐकायला मिळतो, तोही ठरलेल्या तारखेआधी वाच्यता करायची नाही या अटीवर. दिवाळी अंकांचंही तेच. नवरात्रात लेख घेऊन येणाऱ्याला संपादक प्रेमानं चहा पाजतात आणि पुढच्या वर्षीचं आमंत्रण देतात.

मासिक वाचून मगच लिहा, हा सल्ला सगळेच देतात. पण वाचायचं म्हणजे काय पाहायचं? सदरं पाहायची. ‘द वायर’मध्ये ‘इनव्हिजिबल ज्यूकबॉक्स’ नावाचं सदर असतं. त्यात एखाद्या संगीतकाराला नाव न सांगता एकेक तुकडा ऐकवतात आणि तो कुणाचा ते ओळखायला लावतात. मग त्यावरून गप्पा निघतात. ‘एपिफनीज’ या सदरात लेखक आपल्याला हलवून गेलेल्या एखाद्या संगीतानुभवावर लिहितो. पहिल्याला आधी त्या संगीतकाराचा होकार लागतो, दुसऱ्याला फक्त लेखकाचा कान आणि आठवण लागते. दूर कोल्हापुरात किंवा सोलापुरात बसलेल्या नवख्याला दुसरं जास्त जवळचं, हे उघड आहे. बहुतेक ठिकाणी नवख्याचा खरा प्रवेश मात्र छोट्या परीक्षणांतूनच होतो. तीनशे शब्दांत आवाजाचं वर्णन करता येतं का, हे संपादकाला त्यात लगेच कळतं. माझ्या मते संगीतावर लिहिण्याची सगळ्यात कठीण परीक्षा तीच. ‘सुरेल’, ‘श्रवणीय’, ‘मंत्रमुग्ध’ हे शब्द वर्ज्य केले तर आपल्याकडच्या निम्म्या मैफल-वृत्तांतांत तारीख आणि साथीदारांची नावं तेवढी उरतील.

पैशांचं काय? कमीच. कुठे प्रतिशब्द दर असतो, कुठे लेखाची ठोक रक्कम, कुठे दोन अंक आणि आभार. होकार देऊनही लेख छापला नाही तर ठरलेल्या रकमेचा काही भाग देण्याची पद्धत काही मासिकांत आहे, पण ती आधी विचारून घ्यावी लागते आणि आपल्याकडे विचारायला लोक लाजतात. मोठ्या मालकाकडे गेलं की लेखकाचं भलं होतंच असंही नाही. रायन श्रायबरनं 1996 मध्ये सुरू केलेलं ‘पिचफोर्क’ 2015 साली कॉन्डे नास्ट कंपनीनं घेतलं आणि जानेवारी 2024 मध्ये ते ‘जीक्यू’ या पुरुषांच्या मासिकाखाली नेऊन ठेवलं. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी तिथल्या काही माजी मंडळींनी ‘हिअरिंग थिंग्ज’ हे स्वतःच्या मालकीचं प्रकाशन वाचकांच्या वर्गणीवर सुरू केलं.

आणखी एक गोष्ट प्रस्तावातच सांगून टाकावी: ज्याच्यावर लिहायचं त्याच्याशी आपलं नातं काय. जॉन लँडाऊ ‘क्रॉडॅडी’तून पुढे आलेला समीक्षक. 1974 मध्ये त्यानं ‘द रिअल पेपर’ या साप्ताहिकात ब्रूस स्प्रिंगस्टीनवर भारावून लिहिलं, पुढच्या वर्षी तो स्प्रिंगस्टीनच्या ‘बॉर्न टू रन’चा सहनिर्माता झाला आणि नंतर व्यवस्थापक. आपल्याकडे केशवराव भोळे स्वतः गायक-संगीतकार, ‘प्रभात’च्या चित्रपटांना चाली देणारे, आणि समकालीन गायकांवर त्यांनी ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी लिहिलं. त्या लहानशा जगात ती सोय होती. आतल्या माणसाचा कान आणि बाहेरच्या माणसाचं स्वातंत्र्य दोन्ही त्यातून साधत होतं. आज संपादकाला ते नातं आधीच माहीत हवं असतं, लपवलेलं नंतर कळलं तर दार कायमचं बंद होतं. गायकाच्या वाढदिवसाला त्याच्याच शिष्यानं लिहिलेला गौरवलेख आपल्या पुरवण्यांत परीक्षण म्हणून छापला जातो, त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

लेख स्वीकारला की करार येतो, निदान यायला हवा. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुक्त लेखकानं लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक लेखकच. नोकरीत असलेल्या पत्रकाराचं तसं नसतं. हे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी कागद आणि त्यावर लेखकाची सही लागते, फोनवरच्या ‘हो हो, छापा’नं ते होत नाही. कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. परदेशी मासिकाच्या करारात, विशेषतः अमेरिकी, ‘वर्क मेड फॉर हायर’ हे शब्द कुठे दडलेत का ते पाहावं. त्याखाली सही केली की लेखाचा मालक पहिल्या दिवसापासून मासिकच ठरतं, आणि उद्या असे वीस लेख जमवून पुस्तक करायचं म्हटलं तर स्वतःच्याच लेखासाठी परवानगी मागत बसावं लागतं. ते कलम बदलून फक्त प्रथम प्रकाशनाचे हक्क द्यायची तयारी आहे असं नम्रपणे लिहून पाहायला हरकत नसते. छोट्या मासिकात करारही संपादकच पाहतो, आणि विचारलं तर तो पुष्कळदा बदलूनही देतो.