बेडकाला पोहता येतं, चढता येत नाही

पहिला जोराचा पाऊस झाला की सिल्वासाच्या आसपास रात्रभर डरांव डरांव चालतं. बुलफ्रॉगचे नर हळदीसारखे पिवळे होतात आणि गळ्याशी दोन निळे फुगे फुगवून माद्यांना साद घालतात. दमणगंगेच्या खोऱ्यातली भातखाचरं ही त्यांची हक्काची जागा. पण सिल्वासा-खानवेल भागात आता रिसॉर्ट आहेत, बंगले आहेत आणि त्यांच्या आवारात निळ्या टाइलचे पोहण्याचे तलाव आहेत. बेडकाच्या लेखी पाणी ते पाणी.

पोहायला त्याला कुणी शिकवायला नको. अडतं ते बाहेर पडताना. भिंत सरळसोट, टाइल गुळगुळीत आणि काठ वीतभर वर. पाय टेकायलाच जागा नाही, तर उडी कशी मारणार? मग कडेकडेने फेऱ्या मारत तो दमतो. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि पाणीही कातडीतूनच शोषतो, म्हणून क्लोरीन त्याला लवकर बाधतं. शेवटी पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरच्या टोपलीत ओढला जातो. उंदीर, विंचू यांचीही हीच गत. दिवड तर बिनविषारी साप, पण ती दिसली की लोक आधी काठी शोधतात!

हे दुखणं जुनंच आहे. जुन्नरच्या ऊसपट्ट्यात बिनकठड्याच्या विहिरीत बिबट्या पडला, की दोरांनी बाज खाली सोडतात. दमलेला बिबट्या आधी तिच्यावर चढून बसतो, पिंजरा नंतर. गीरभोवती सिंहांसाठी हजारो विहिरींना कठडे बांधले गेले. जुन्या बारवेत मात्र पाण्यापर्यंत पायऱ्याच उतरतात.

तलावालाही चढायला काहीतरी हवं. रिच मेसन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने त्यासाठी ‘फ्रॉगलॉग’ नावाचा तरंगता उतार तयार केला. आपल्याकडे गोणपाटावर भागतं. एक टोक काठावर जड दगडाखाली दाबायचं, दुसऱ्याला छोटा दगड बांधून पाण्यात सोडायचं. खरखरीत विणीत बोटं, नखं रुततात. एक गोणपाट स्किमरजवळ हवंच. रात्री दिवेही मालवा. दिव्यावर किडे येतात आणि किड्यांमागे बेडूक.

सकाळी पंप लावण्याआधी टोपली उघडून बघा. बेडूक जिवंत असेल तर साध्या पाण्याने हात ओले करून उचला आणि झाडाखालच्या ओलाव्यात सोडा. साप असेल तर हात लावू नका, वनखात्याला फोन करा.