विश्लेषण : तंतोतंत सूर कागदावर कसा लिहायचा?

तानपुऱ्याशी जुळवून लावलेला शुद्ध गंधार आणि पियानोवरचा गंधार यांतला फरक कानाला कळतो. नेहमीच्या पाश्चात्य स्वरलेखनात मात्र दोघांची खूण एकच. हा फरक लिहिण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत.

फरक कशामुळे पडतो?

‘जस्ट इन्टोनेशन’मध्ये स्वरांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर पूर्णांकांत असते. प आणि सा यांचे ३:२, ग आणि सा यांचे ५:४. पियानोत सप्तकाचे १२ समान भाग पाडलेले असतात. सप्तक १,२०० सेंटचे धरले तर पियानोचा गंधार ४०० सेंटवर येतो, ५:४चा ३८६वर.

गुणोत्तरच का लिहीत नाहीत?

ते अचूक असते, पण वाजवता वाजवता वाचणे कठीण. वादकाला ओळखीची खूण लागते.

जॉन्स्टन यांची पद्धत काय?

अमेरिकी संगीतकार बेन जॉन्स्टन (१९२६-२०१९) यांनी सात शुद्ध स्वर बिनखुणेचे ठेवले. त्यांत ग ५:४, ध ५:३. अधिक चिन्ह लागले की स्वर ८१:८० या गुणोत्तराने, म्हणजे सुमारे २१.५ सेंट चढतो. उणे लागले की तेवढाच उतरतो. अडचण रे-ध जोडीची. त्यांच्यातले अंतर ६८० सेंट भरते. षड्ज-पंचम भावासाठी ७०२ हवेत. म्हणून तिथे ‘ध अधिक’ लिहावा लागतो.

दुसरी पद्धत कोणती?

मार्क सबात आणि वोल्फगांग फोन श्वाइनित्झ यांची ‘हेल्महोल्ट्झ-एलिस’ पद्धत. इथे बिनखुणेचे स्वर ३:२च्या साखळीतून येतात. रे-ध आपोआप जुळतात, पण ५:४च्या गंधाराला खाली वळणारा बाण लागतो. ऐकू येणारा सूर तोच. साधे काय मानायचे, एवढाच प्रश्न.

आपल्याकडे काय?

भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. दरबारीच्या अतिकोमल गंधारालाही तीच रेघ. नेमकी जागा गुरूसमोर बसून कानाने घ्यायची. जॉन्स्टन यांच्या वादकांना असा रियाजाचा वारसा नव्हता. त्यांची सगळी भिस्त खुणांवर होती. केप्लर क्वार्टेटने त्या खुणा वाचत त्यांच्या दहाही तंतुवाद्य-चौकड्या २०१६पर्यंत ध्वनिमुद्रित केल्या.