उद्घाटनाला बात

चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला घरचं गोड न्यायचं ठरलं, की आधी चवीचा नाही, बोटांचा विचार करावा. लोक उभ्याने खातात, एका हातात चहाचा कप असतो आणि दोन पावलांवर कुणाची तरी जलरंगातली चित्रं टांगलेली असतात. म्हणून पाकातलं, क्रीमचं, तुपाने थबथबलेलं सगळं बाद. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा मी बात नेते. हिंदीतली नव्हे, गोव्यातली. रवा आणि ओल्या नारळाचा हा केक तिथे नाताळात हमखास होतो; कुणी त्याला बातिकाही म्हणतात.

नऊ इंची चौकोनी टिनाला 250 ग्रॅम बारीक रवा, 225 ग्रॅम साखर, 125 ग्रॅम बिनमिठाचं लोणी, 4 अंडी, एका नारळाचा साधारण 200 ग्रॅम चव, अर्धा कप दूध, एक चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि वेलची. खवताना नारळाची तपकिरी पाठ येऊ देऊ नये, नाहीतर केकचा रंग मळकट दिसतो. चव दुधाबरोबर मिक्सरमध्ये फिरवायचा, पण गंध उगाळल्यासारखा गुळगुळीत नको. दाताखाली थोडा लागायला हवा.

लोणी आणि साखर फिकट, हलकी होईपर्यंत फेटायची. त्यात अंड्यांचे बलक, मग वेलची, मीठ, रवा, नारळ. एवढं झालं की भांडं झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. पांढरं वेगळ्या डब्यात, तेही फ्रिजमध्येच. इथे घाई केली की बात बिघडलीच म्हणून समजा. मैदा पाणी लगेच पितो; रव्याचा दाणा टणक, त्यात ओल सावकाश शिरते. तसाच भाजला तर केक कोरडा होतो आणि खाताना कचकच लागते. सकाळी मिश्रण घट्ट झालेलं दिसेल. म्हणजे रव्याने आपलं काम केलं. ते तासभर बाहेर ठेवून सैल होऊ द्यावं, फारच आवळलं असेल तर दोन-तीन चमचे दूध घालावं.

बेकिंग पावडर मात्र रात्री घालायची नाही. ओल लागताच तिच्यातून वायू सुटायला लागतो. सकाळपर्यंत तिचा बराचसा जोर सरतो. ती आता घालावी. पांढरं फेसाळून उभं राहील इतकं फेटावं आणि दोन-तीन वेळा करून मोठ्या चमच्याने खालून वर हलक्या हाताने मिसळावं. जोरात ढवळलं तर कोंडलेली हवा जाते, आणि या जड मिश्रणाला तिचाच आधार असतो.

ओव्हन 180 अंशांवर आधीच तापलेला हवा. साधारण 40 मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा नाकावर भरवसा ठेवा: खरपूस नारळाचा वास सुटला की मध्ये सुरी खुपसून बघायची. पूर्वी वरखाली निखारे ठेवून भाजत, तेव्हा तर वासच खुणेचा.

एका वर्षी उशीर झाला म्हणून मी गरम असतानाच कापली आणि ताटभर चुरा घेऊन गेले. पूर्ण निवू द्या. मग सहा बाय सहा कापलं की दीड इंची 36 तुकडे होतात, प्रत्येक एका घासाचा, फार तर दोन.

ताट दाराजवळ ठेवावं, भिंतींपासून दूर, शेजारी कागदी रुमाल. आणि ‘अंडं आहे’ अशी चिठ्ठी ठळक अक्षरात. विचारायला संकोचणारे पुष्कळ असतात. उरलेले तुकडे त्याच संध्याकाळी वाटून टाकावेत. ओला नारळ आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी आंबूस लागू शकतो. फ्रिजमध्ये मात्र तीन दिवस सहज जातात.